लाल रंग सांडलेला किनारा

मालवणहून परतलेल्या माणसाला पुण्यात दोन प्रश्न हमखास विचारतात. मासे काय काय खाल्ले, आणि किल्ल्यात गेला होतात का. माशांचं पुढे सांगेनच. किल्ल्यात मात्र मी गेले नाही. किल्ला लांबून, चित्राच्या डाव्या कोपऱ्यात दिसेल अशी एक जागा मला शोधायची होती, आणि चारेक दिवसांचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी होता. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, लोक या वयात काशीला जातात." मी म्हटलं, जाऊ देत.

माझी सगळी नोकरी टीव्हीच्या चित्रातल्या चुका झाकण्यात गेली. रंगीत चित्र आकड्यांत मांडलं की आकडे इतके होतात की पाठवायला वाट पुरत नाही. मग काही टाकून द्यावे लागतात. काय टाकायचं, आणि टाकलेलं बघणाऱ्याला कळू कसं द्यायचं नाही, हे आमचं काम. हात सैल सुटला तर पाण्यावर चौकोन उमटतात, रंग आपली रेघ सोडून शेजारी सांडतो. आता ही खोड हाडीमाशी खिळली आहे. लग्नाच्या व्हिडिओत सगळे नवरी बघतात, मी तिच्या मागच्या पडद्यावरचे चौकोन बघते आणि बोलूनही दाखवते. नातवंडं माझ्या शेजारी बसून टीव्ही बघत नाहीत. माझी तक्रार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत पारख करायला एक छोटीशी चित्रफीत होती. तिला आम्ही 'रापण' म्हणायचो. समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबलचक जाळं किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं, ती रापण. मी नोकरीला नवीन असताना कोणीतरी मालवणच्या किनाऱ्यावर जाऊन ती टिपून आणली होती. दहा-पंधरा सेकंदांचीच. पण लाटा, जाळं, उन्हात चमकणारी मासळी, असं जे जे आकड्यांना छळतं ते सगळं तिच्यात होतं. त्यावर कडी म्हणजे पुढेच उभी असलेली लाल नऊवारीतली बाई. डोळ्याला उजेड आणि अंधार बारीक दिसतो, रंग जरा ढोबळच दिसतो. म्हणून रंगाचे आकडे आम्ही जास्त टाकायचो, आणि तिचं लाल लुगडं ओल्या वाळूवर सांडायचं. चित्रातल्या सगळ्यांना आम्ही नावं ठेवली होती. एक 'टोपी', एक 'बनियन', आणि ती 'लाल'. आमचे साहेब सकाळी येताना दारातूनच विचारायचे, "लाल घरात बसली का?" बसलेली नसायची. कित्येक महिने आम्ही तिच्या मागे लागलो होतो. डबे खाताना तीच, चहाला तीच. शेवटी एकदाची बसली. त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना बाकरवडी खिलवली. साहेब आता नाहीत. त्या खोलीतले आम्ही तिघंचौघं उरलो आहोत आणि एकमेकांना वाढदिवसाला फोन करतो. ती मूळ टेप केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला लावली गेली. माझ्याकडे राहिल्या त्या 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन प्रती. त्या मी निवृत्त होताना आठवण म्हणून मागून घेतल्या.

यंदा दिवाळीनंतर घर रिकामं झालं आणि वाटलं, हा किनारा आपण इतक्या वेळा बघितला, एकदा बघून तरी यावा.

कसाल

रातराणीने कसालला उतरले तेव्हा उजाडत होतं. हायवेच्या कडेला चहाची टपरी, पलीकडे भाजीच्या पाट्या उतरत होत्या. मालवणची एसटी कधी येईल म्हणून चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "येतली." पुण्यात या उत्तरावर मी भांडले असते. इथे दुसरा चहा घेतला आणि ती आलीच. शेजारच्या बाईने मांडीवरची कोंबडी सावरत माझी पूर्ण चौकशी केली: कुठून, कशाला, मुलं किती, सून बरी आहे का. आमच्या सोसायटीत एवढं कळायला एक पिढी जाते.

वायरीच्या वाटेवर

मालवणात सामान टाकून मी जेटीपासून दक्षिणेकडे किनाऱ्याने चालत सुटले. माझी पद्धत सोपी होती. थोडं चालायचं, वळून बघायचं, किल्ला चित्रातल्यासारखा दिसतो का ते पाहायचं. आधी तो फार मोठा दिसत होता आणि समोर येत होता. दांडीच्या किनाऱ्यावरून पुढे गेले तसा तो आकसत गेला. मी दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून डोळ्यापुढे धरत होते. जाळी शिवत बसलेल्या बायका माझ्याकडे बघून खुसुखुसु हसत होत्या. हसणारच. साठी उलटलेली बाई दर चार पावलांनी मागे वळून बोटांतून बघते आहे म्हटल्यावर मीही हसले असते.

वायरी गावाच्या बाजूला आले आणि किल्ला कोपऱ्यात जाऊन बसला. डावीकडे पाणी, उजवीकडे माडांची रांग, मध्ये ओल्या वाळूचा तोच बाक. माड वाढले होते, मागे पर्यटकांसाठी रंगीत खोल्या झाल्या होत्या. पण बाक तोच. मला एकदम भरून आलं. चौकोन नसलेला समुद्र किती स्वच्छ दिसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथेच वाळूत बसून मी साहेबांसाठी थोडी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच गेले तर रापण लागली होती. दोन्हीकडे माणसं दोरीला लागलेली, मागे रेलून पावलं उलटी टाकत होती. पिशवी माडाखाली ठेवून मी खुळ्यासारखी उभी. ओढणाऱ्यांतला एक म्हातारा ओरडला, "काय बाये, नुसत्या बघतास काय? दोरयेक हात लावा!"

लावला. ओली दोरी सोललेल्या फणसासारखी बोटांना चिकटते हे चित्रात कळलं नव्हतं. लाट आली, पायाखालची वाळू सरकली आणि मी मटकन बसले. साडी कमरेपर्यंत भिजली, एक चप्पल पाण्यात गेली ती गेलीच. सगळी रांग हसली. म्हातारा म्हणाला, "पडलास तरी दोरी सोडूक नाय. तुमचो वाटो पक्को!" तिथली रीतच आहे, दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा. माझ्या ओंजळीत त्याने खरोखरच चार बांगडे घातले. सगळ्या नोकरीत एवढा रोख मोबदला मला कधी मिळाला नाही.

बांगड्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. पिशवीतल्या मोबाइलमध्ये 'लाल'चं एक स्थिर चित्र होतं, ते मी म्हाताऱ्याला दाखवलं. त्याने मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"अरे, ही शेवंती मां! बाबल्याची आवस. ही तुमच्याकडे खंयसून इली?"

आवस म्हणजे आई, एवढी मालवणी मला कळत होती. इतकी वर्षं जिला आम्ही एका रंगाच्या नावाने हाक मारली तिला शेवंती असं चांगलं नाव होतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "त्या भेटतील का?"

"ती खंय भेटतली? ती जावन वर्षां झाली. चेडवाची खानावळ आसा थंय माडांत. जावा, बांगडे पण तीच भाजून देतली."

जयाची खानावळ

जया म्हणजे शेवंतीचं चेडू, तिची मुलगी. चाळिशी ओलांडलेली, बोलायला घाई, हातात सतत काहीतरी. मी ओली साडी, एक चप्पल आणि चार बांगडे घेऊन दारात उभी राहिले, मोबाइल पुढे केला आणि जमेल तसं सांगितलं. तिने हात पुसले. चित्र बघितलं. मग बाकावर बसली.

"तुमी पुण्यासून इलास, आमच्या आवशीक घेवन?"

तिच्याकडे आईचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला, आणि त्यातही शेवंतीने मान खाली घातलेली. मी म्हटलं, माझ्याकडे ती चालतानाची आहे. मान वळवतानाची आहे. जयाने लगेच भावाला फोन लावला. "दादा, आस्शीत तसो ये. आये इली."

दादा म्हणजे बाबल. पर्यटकांना होडीतून फिरवतो. पन्नाशीच्या आसपासचा, कमी बोलणारा. तो येईपर्यंत जयाने माझ्यापुढे उकड्या तांदळाची पेज आणि तव्यावरचे बांगडे ठेवले. आमच्याकडे पाहुण्याला 'घ्याल ना?' असं विचारतात आणि तो नको म्हणण्याची वाट बघतात. इथे विचारतच नाहीत. ताटली रिकामी झाली की भरते.

आणि मग मी जे केलं ते माझ्यासारखीच बाई करेल. खानावळीच्या टीव्हीला पिशवीतला माझा म्हातारा लॅपटॉप जोडला आणि साहजिकच 'नंतर'ची, आमच्या अभिमानाची, स्वच्छ प्रत लावली. ज्या प्रतीवर बाकरवडी झाली होती ती.

शेवंती पडद्यावर आली. कमरेवर एक हात, पायाशी माशांची पाटी. दोरी ओढणारे मागे सरकतायत, ती त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलते, हसते. मग वळते आणि पाटीपासून दूर, माडांकडे झपाझपा चालू लागते. संपलं. बाबल पुढे वाकून बघत होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "परत लावा," तो म्हणाला. मी परत लावली. पुन्हा लावली.

जया रडत नव्हती. ती पडद्याजवळ गेली, अगदी नाक टेकेल इतकी. मग वळून म्हणाली, "मी खंय?"

मला कळेना. बाबलला कळलं. तो खाली बघत म्हणाला, "बाय, मी काय सांगी होतंय तुका? तू घराकडे होतंस. तापान फणफणत होतंस. दोरयेर मी होतंय, माका आठावता."

"मी हयसर होतंय. आवशीच्या मागे."

"तुका सपान पडला असतला."

"काकी," जया माझ्याकडे वळली, "तुमीच सांगा. तुमी ह्यां हजार वेळा बघलास. बारीक चेडू आसा मां ह्येच्यात?"

मी या चित्रातला चौकोन न् चौकोन ओळखते. पाण्यावर कितव्या क्षणी कुठे चमक उठते ते झोपेत सांगेन. मी पूर्ण खात्रीने सांगितलं, "नाही गं. मूल नाही यात."

तिचा चेहरा पडला. बरं म्हणाली आणि चुलीकडे गेली. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, टीव्ही मिटला आणि लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली असल्यामुळे तोही गेला. मला वाटलं, उठावं आणि जावं. पण बाबल म्हणाला, येईल तासाभरात, जेवूनच जा. आणि जया आतून बोलू लागली. माझ्याशी बोलत होती की चुलीशी, कोण जाणे.

"माका आवशीची हीच एक आठवण आसा, काकी. दुसरी नाय. त्याच वर्साक ती आजारी पडान गेली. एक माणूस खांद्यार काळा यंत्र घेवन उभो होतो, माका तेचा भय वाटला. मी पाटयेच्या मागे, तिच्या लुगड्यात तोंड घालून. लुगड्याक माशांचो वास येय होतो. दादा म्हणता तां खरा नाय. आता तुमी पण म्हणतास. मगे माझ्याकडे काय ऱ्हवला?"

बाबल वाईट माणूस नव्हे. त्याला आठवत होतं तेच तो सांगत होता. आणि मला दिसलं तेच मी. समोर बांगड्याचं तिखलं आलं, तिरफळांच्या वासाने एरवी माझी भूक चाळवली असती. मी नुसताच भात कालवत बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुला काय घातलं होतं गं तेव्हा, आठवतं?"

"ताच. लाल."

"तेच म्हणजे?"

"आवशीचा लुगडा पदराकडे जीर्ण झाला. तेवढाच कापल्यान आणि माका फ्रॉक शिवल्यान. बाकीचा आपण नेसली. नऊवारीतला थोडा कमी झाला तर काय बिघाडता? हयसर सगळ्यो आवशी तसाच करीत."

मी हातातला घास ताटात ठेवला.

लाल लुगड्याच्या मागच्या अंगाला, पाटीच्या वर, ओल्या वाळूवर सांडणारा लाल डाग. आमचा शत्रू. रंग ढोबळ ठेवल्याने तो सांडतो असंच आम्ही धरून चाललो होतो, कारण इतर ठिकाणीही तो थोडाथोडा सांडत होताच. इथेच इतका का, असं साहेबांनी एकदा विचारलं होतं. आम्ही म्हटलं, लाल फार गडद आहे म्हणून. शेवटी तोडगा निघाला तो असा: जिथे उजेड-अंधाराची कड संपते तिथे रंगही संपला पाहिजे, त्याच्या बाहेर रंग दिसला तर तो पुसून शेजारचा भरायचा. आता लाल कापड आणि ओली वाळू ही दोन्ही उजेडाच्या हिशेबात सारखीच दिसतात. म्हणजे त्यांच्यामध्ये कड नाही; लुगड्याला निदान गडद काठ होता, फ्रॉकला तोही नव्हता. तोंड लुगड्यात, पाय पाटीमागे, वर उरला तो फक्त आईच्याच लुगड्याचा फ्रॉक. आमच्या गणिताने त्याला सांडलेला रंग समजून वाळू केलं.

आम्ही सगळी शिकलेली, चष्मा लावलेली माणसं. त्या खोलीत एकालाही ते मूल वाटलं नव्हतं. वाटणार कसं? आम्ही चुकाच शोधत होतो, आणि त्याही चित्र थांबवून थांबवून.

"लाईट कधी येणार?" मी विचारलं. माझा आवाज इतका चढला होता की जया बाहेर आली.

आली एकदाची, तिसऱ्या प्रहरी. मी 'आधी'ची प्रत काढली, आणि लावण्याआधी बजावलं, "हे चित्र खराब आहे. चौकोन दिसतील. मासळी पिठासारखी दिसेल. तिकडे लक्ष देऊ नका. लुगड्याच्या मागे बघा."

पाणी तुटक तुटक हलत होतं. शेवंतीचा चेहरा पहिल्यापेक्षा भरड. आणि तिच्यामागे वाळूवर तो डाग, पसरट, कडा विस्कटलेल्या. बाबल डोळे बारीक करून म्हणाला, "रंग फासलेलो दिसता. चेडू खंय आसा हेच्यात?"

खरं होतं. थांबवून ठेवलं तर तो फासलेला रंगच होता. जयाही मान हलवत होती. तिला माझ्याकडून समजूत घालून घ्यायची नव्हती.

मी म्हटलं, "थांबवून नाही. चालू असताना बघा. रंग सांडलेला असेल तर तो लुगड्याला चिकटून राहील. लुगडं गेलं की बरोबर जाईल."

पुन्हा लावलं. शेवंती हसली, वळली. लुगडं वळलं. डाग वळला नाही. शेवंती चालू लागली, एक पाऊल, दोन पावलं, तिच्या आणि डागाच्या मध्ये वाळू दिसू लागली. डाग तिथेच पाटीमागे उभा. मग तो हलला. पाटीला वळसा घालून बाहेर आला आणि त्याच्या खाली, 'नंतर'च्या प्रतीत आम्ही दोष म्हणून पुसलेल्या दोन-तीन भरड चौकोनांत, पाय होते. वरखाली, वरखाली. तो तिच्या मागून धावत सुटला होता.

खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला. बाबल उभा राहिला होता, एक हात पडद्याकडे लांबवून.

"आये, थांब गो!" तो ओरडला. "जया मागे ऱ्हवली!"

चित्रफीत तिथेच संपते. शेवंतीची पाठ माडांकडे, मागे तो लाल ठिपका, मध्ये वाळू. पुढचं कोणीच टिपलेलं नाही.

"थांबली ती, दादा," जया म्हणाली. "माका कडेर घेतल्यान."